सक्करदऱ्यातून ऐकलेला रेडिओ

"जुन्या रेडिओसारखा आवाज आता कशालाच नाही." हे वाक्य आमच्या खानदानातल्या प्रत्येक लग्नात एकदा तरी निघतंच. बोलणारा बहुधा साठीच्या पुढचा असतो. ऐकणारी पोरं दोन क्षण मान डोलावतात आणि परत मोबाईलमध्ये डोकं घालतात. मलाही हे वाक्य आवडतं, पण ते खरं आहे का हे कोणी तपासून पाहत नाही. आवाज खरंच चांगला होता? की तेव्हा आपले कान चांगले होते? आणि चांगला होता, तर तो चांगुलपणा नेमका कुठे होता? पेटीत, व्हॉल्व्हमध्ये, तारेत की आणखी कुठे?

मी काही रेडिओ इंजिनिअर नाही. पण गेली काही वर्षं जुने सेट आणि ट्यूनर यांच्या नादाला लागलोय, त्यामुळे थोडं वाचलंय, थोडं मिस्तरींकडून शिकलोय. आणि आम्ही राहतो सक्करदऱ्याला, म्हणजे नागपुरात. रेडिओच्या बाबतीत हे गाव साधंसुधं नाही, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून जरा सुरुवातीपासून सांगतो.

आपल्याकडे नियमित रेडिओ सुरू झाला तो मुंबईत, २३ जुलै १९२७ रोजी, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्रापासून. त्या वेळी नागपूरच्या माणसाला रेडिओ ऐकायचा तर शेकडो मैलांवरचं स्टेशन पकडावं लागायचं. देश स्वतंत्र झाला तेव्हा आकाशवाणीची केंद्रं होती फक्त ६: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. मग भराभर नवी केंद्रं निघाली आणि १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झालं. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होतं, प्रांत मराठी आणि हिंदी असा दोन भाषांचा. पुण्याचं केंद्र आलं २ ऑक्टोबर १९५३ ला, म्हणजे आपल्यानंतर तब्बल पाच वर्षांनी. (पुणेकर नातेवाईकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. :-) )

केंद्र गावात आलं याचा अर्थ आवाजाच्या दृष्टीने फार मोठा होता. मध्यम लहरी, म्हणजे मीडियम वेव्ह, दिवसा जमिनीला धरून चालतात. वातावरणाच्या वरच्या थराकडे गेलेला भाग दिवसा तिथेच शोषला जातो. रात्री तो खालचा शोषणारा थर विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणून लांबचं स्टेशन रात्री येतं, पण झुलत येतं. एक लहर जमिनीवरून, दुसरी आकाशातून, दोघींची गाठ पडली की कधी बेरीज, कधी वजाबाकी. आपल्या गावचं स्टेशन मात्र दिवस असो की रात्र, सारखंच येतं. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर लागायचं. निवेदनात सांगितला जाणारा ५१२.८ मीटर हा आकडा त्याचाच, ३ लाखाला ५८५ ने भागा, येतो. सक्करदऱ्यात हे स्टेशन सुईवर बोट ठेवल्यासारखं स्थिर यायचं.

आता आमच्या घरातल्या सेटबद्दल. बाबांनी तो १९६२ च्या सुमारास घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या काळच्या सगळ्याच सेटची कहाणी थोड्याफार फरकाने सारखी. पॉलिश केलेली लाकडी पेटी, समोर कापडाची जाळी, काचेवर दिल्ली-लाहोर-कोलंबो अशी नावं, आणि डाव्या कोपऱ्यात हिरवा मॅजिक आय. स्टेशन बरोबर लागलं की त्या डोळ्याची हिरवी पाकळी मिटत यायची. सेटसाठी परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात पैसे भरून त्या पुस्तकात तिकीट चिकटवून आणावं लागे. ही परवान्याची भानगड १९८० च्या दशकात संपली. आजच्या पोरांना रेडिओ ऐकायला सरकारी पुस्तक लागायचं हे सांगितलं तर त्यांना थट्टा वाटते.

सेटपेक्षाही महत्त्वाची होती ती तार. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तांब्याची जाळीदार पट्टी ताणलेली असायची, दोन्ही टोकांना इन्सुलेटर. तिच्यापासून एक वायर सेटच्या पाठीमागे. दुसरी वायर खिडकीतून बाहेर, अंगणात पुरलेल्या लोखंडी नळीला. ही अर्थिंग. उन्हाळ्यात नागपूरची जमीन तापून कोरडी ठणठणीत झाली की रेडिओची खरखर वाढायची, मग आजी तुळशीला पाणी घालताना एक तांब्या त्या नळीपाशी ओतायची. "रेडिओला पाणी पाजलं का?" हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न होता. लोक हसायचे, पण त्यात शास्त्र होतं. ओली जमीन वीज चांगली वाहून नेते आणि अर्थिंग चांगली तर गडबड कमी.

तार इतकी लांब कशाला, जर स्टेशन गावातच होतं? कारण उघड आहे... कोलंबो!

१९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. आपलाच मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. ती जागा रेडिओ सिलोनने घेतली. ३ डिसेंबर १९५२ ला बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरात गेला. (ते २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. त्या दिवशी आमच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्यांनी मला थांबवून ही बातमी सांगितली.) गीतमाला बुधवारी रात्री. सक्करदऱ्याचा बाजारही बुधवारचाच, बुधवार बाजार. त्यामुळे बाजारची भाजी आणून टाकायची आणि आठच्या आत रेडिओपाशी यायचं, असं आईच्या पिढीचं वेळापत्रकच होतं.

पण आवाजाच्या बाबतीत प्रामाणिकपणे सांगायचं तर सिलोनचा आवाज चांगला नव्हताच. लघुलहरी आकाशातून उसळ्या मारत येतात. गाणं मोठं व्हायचं, लहान व्हायचं, मध्येच विहिरीत पडल्यासारखं व्हायचं, शिट्ट्या वाजायच्या. लोकांनी प्रेम केलं ते गाण्यावर. आवाज त्यांनी सहन केला. आकाशवाणीला हे कळलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. पुढे १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांपासून. सिनेमाचं गाणं समुद्रापलीकडून येण्याऐवजी गावातल्या ट्रान्समीटरवरून येऊ लागलं, तेव्हा कुठे लोकांना लताबाईंचा श्वास ऐकू आला.

दुसरी गंमत शास्त्रीय संगीताची. १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम असायचा, शनिवारी रात्री. बाबा तो कधी चुकवत नसत. पण दिल्लीहून हा आवाज नागपूर केंद्रापर्यंत यायचा कसा? उपग्रह नव्हता. प्रादेशिक केंद्रं टेलिफोन खात्याच्या तारेवरून किंवा दिल्लीच्या लघुलहरी पकडून कार्यक्रम सहक्षेपित करायची. म्हणजे आपल्या घरात नागपूर अगदी ठणठणीत लागलंय, मॅजिक आय पूर्ण मिटलाय, तरी गवयाचा आवाज झुलतोय! लोक सेटच्या पाठीवर थाप मारायचे. सेट बिचारा निर्दोष असायचा. आवाज बिघडायचा तो दिल्ली आणि सिव्हिल लाइन्सच्या मधल्या वाटेवर. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेल्यानंतर उपग्रहाच्या जोडण्या मिळू लागल्या आणि ही वाट सुधारली.

इथे मला माझ्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर मिळालं. घरात ऐकू येणारा आवाज ही साखळी असते. गवई, स्टुडिओ, तिथून ट्रान्समीटरपर्यंतची वाट, ट्रान्समीटर, मधलं आकाश, आपली एरियल, आपली अर्थिंग, आणि सगळ्यात शेवटी सेट. आपण मात्र सगळं श्रेय आणि सगळा दोष शेवटच्या कडीला देतो, कारण तेवढीच डोळ्यांना दिसते.

आता नागपूरच्या खास गोष्टीकडे येतो. झिरो माइलचा खांब सगळ्यांना ठाऊक आहे, पाहुण्यांना आपण तो दाखवतोच. पण देशाच्या मधोमध असण्याचा सगळ्यात मोठा उपयोग कोणी केला असेल तर आकाशवाणीने. १८ मे १९८८ रोजी नॅशनल चॅनेल सुरू झालं. रात्रभर चालणारं, हिंदी-इंग्रजी-उर्दू कार्यक्रमांचं, अख्ख्या देशासाठी एक केंद्र. त्याचा ट्रान्समीटर वर्धा रोडवर बुटीबोरीला, १५६६ किलोहर्ट्झ, ताकद १००० किलोवॅट. म्हणजे एक मेगावॅट! घरातल्या हजार वॅटच्या गीझरशी तुलना केली तर असे हजार गीझर. रात्री आकाशातून उडी मारून हा आवाज देशातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांपर्यंत पोचतो असं आकाशवाणी सांगत असे. काश्मीरपासून केरळपर्यंतचे ट्रक ड्रायव्हर, चौकीदार, अभ्यास करणारी पोरं रात्री जे ऐकत होती ते आपल्या बुटीबोरीहून निघत होतं.

आणि आम्ही त्याच्यापासून फार तर पंचवीस-तीस किलोमीटरवर. लांबच्या माणसाची अडचण असते की आवाज पोचत नाही. दिव्याखाली राहणाऱ्याची अडचण उलटी. एवढं ताकदवान स्टेशन जवळ असेल आणि तुमची एरियल लांबलचक असेल, तर सेटचा पहिला व्हॉल्व्ह दमतो आणि ते स्टेशन दुसऱ्या स्टेशनांच्या अंगावर सांडतं. यात ट्रान्समीटरची चूक नाही. सिलोनसाठी ताणलेली तार आता गरजेपेक्षा मोठी झाली होती, एवढंच. बाबांनी ती काढून हातभर वायर ठेवली आणि सेट शांत झाला. जी तार तीस वर्षं चांगल्या आवाजाचं कारण होती तीच आता अडथळा ठरली. म्हणून "एरियल जितकी लांब तितकी चांगली" असं कोणी सांगितलं की मी विचारतो, तुम्ही राहता कुठे?

नंतर टीव्ही आला, टेप आला, सेट माळ्यावर गेला. बाबाही गेले. आणि मागच्या वर्षी धाकट्या भावाने प्रस्ताव मांडला, "दादा, याच्या पोटातलं सगळं काढून ब्लूटूथ स्पीकर बसवू. पेटी मस्त आहे, हॉलमध्ये शोभेल." असं करून देणारे आता बरेच आहेत. मी नाही म्हणालो तर त्याने विचारलं, "ठीक आहे, पण चालू करून त्यावर ऐकशील काय?" प्रश्न टोमण्याचा नव्हता, खरा होता. नॅशनल चॅनेल डिसेंबर २०१८ च्या आदेशाने बंद झालं, जानेवारी २०१९ पासून ते नाही. गेल्या काही वर्षांत देशभरातले मध्यम लहरींचे अनेक ट्रान्समीटर थांबले. लघुलहरींचीही तीच गत. काचेवरची निम्मी गावं आता मुकी आहेत. सेट दुरुस्त करणं म्हणजे साखळीची एकच कडी घासूनपुसून ठेवणं, बाकीच्या कड्या तुटत चाललेल्या.

तरी मी सेट उमरेड रोडवरच्या एका जुन्या मिस्तरीकडे नेला. त्यांचं पहिलं वाक्य मी सगळ्यांना सांगतो, "भाऊ, डायरेक्ट लाइन नका देऊ याले. आधी सिरीजमधी लावू." तीस वर्षं बंद असलेला सेट थेट प्लगला लावायचा नाही. ६० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये घालून वीज द्यायची. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि सेट वाचतो.

त्यांच्याकडून जे शिकलो ते थोडक्यात असं. व्हॉल्व्ह सहसा गेलेले नसतात, जातात ते कंडेन्सर. पॉवर सप्लायमधले फिल्टर कंडेन्सर वाळले की सेट "हूंऽऽ" करत गुणगुणतो. आणि शेवटच्या, स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या आधी एक छोटा कागदी कंडेन्सर असतो, साधारण ०.०१ मायक्रोफॅराडचा. तो गळू लागला की व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो व्होल्टेज जातो, व्हॉल्व्ह तापतो आणि आवाज फाटतो. जुन्या रेडिओचा "फाटका" आवाज बहुतेक वेळा या एका तुकड्यामुळे. त्या जागी ६३० व्होल्टचा आजचा फिल्म कंडेन्सर टाका, काही रुपयांचं काम. पण एक ताकीद. आत अडीचशे व्होल्ट डीसी असतो आणि वीज काढल्यावरही काही वेळ टिकतो. शिवाय काही स्वस्त सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसे, चॅसिस थेट लाइनला जोडलेली. अशा सेटला हात लावायचा नाही, अर्थिंग तर मुळीच जोडायची नाही. माहीतगार माणसाकडेच द्या.

सेट सुरू झाला आणि स्टेशन लावलं तर खरखर! ही खरखर आता आकाशातली नाही, घरातली. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा डबा... या सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि ती गडबड नेमकी मध्यम लहरींवर सांडते. एकेक वस्तू बंद करत गेलो आणि बैठकीतल्या दोन बल्बांपाशी आवाज स्वच्छ झाला. तेव्हा आठवलं, भारनियमनाच्या वर्षांत वीज गेली की सेलवरचा ट्रान्झिस्टर किती निर्मळ वाजायचा! आपल्याला वाटायचं अंधारामुळे लक्ष लागतं. लक्ष लागायचंही, पण अख्ख्या मोहल्ल्याची वीज बंद असल्याने गडबडच नसायची.

मग आवाज कसा आहे? चांगला आहे, पण "कशालाच नाही असा" नाही. १९७५ च्या जिनिव्हा करारानंतर आपल्याकडे मध्यम लहरींच्या दोन स्टेशनांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं. ५८५ ला ९ ने भागा, ६५. १५६६ ला भागा, १७४. सगळी स्टेशनं या नऊच्या पाढ्यात. इतक्या चिंचोळ्या जागेत सेट साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज वाजवतो. तबल्याची चाट बोथट होते, तानपुऱ्याच्या जवारीतली वरची चमक जाते. पण माणसाचा गळा जवळजवळ पूर्ण मावतो. वर मोठी लाकडी पेटी, पाठ उघडी, कागदी कोनाचा हलका स्पीकर, म्हणून खालचे स्वर भरीव येतात. वरचं कापलं गेल्यामुळे खरखरही कापली जाते. ज्याला आपण "गोड" म्हणतो तो आवाज असा वजाबाकीतून आलेला आहे. बातम्या, कीर्तन, भावगीत यांना तो शोभतो. गीतरामायण १९५५ मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्याला एक असं घरोघरी पोचलं ते अशाच पेट्यांतून, आणि कोणाला काही कमी पडलं नाही.

ज्यांना खरोखर बारीकसारीक ऐकायचंय त्यांनी एफएमकडे जावं. भारतात एफएम पहिल्यांदा आलं मद्रासला, २३ जुलै १९७७ रोजी, म्हणजे मुंबईच्या त्या पहिल्या केंद्राला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी. एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो. आमचा भाचा अमेरिकेतून येताना १९८० च्या सुमाराचा एक जुना हाय-फाय ट्यूनर घेऊन आला. दिसायला देखणा, वजनाला दगड. परदेशातल्या नातेवाईकांसाठी खास सांगतो, आणण्याआधी चार गोष्टी पाहा.

एक, तिकडचा ट्यूनर ११० व्होल्टचा, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. दोन, आकड्यांचा डिजिटल ट्यूनर असेल तर अमेरिकेतली एफएम स्टेशनं विषम दशांशावर असतात, ९८.३, ९३.५ अशी. नागपूरची विविध भारती १००.६ वर. काही ट्यूनर १००.५ वरून थेट १००.७ वर उडी मारतात! मध्यम लहरींवर तर ते दहाच्या पाढ्याने चालतात, आपण नऊच्या. सुई फिरवायचा जुना ट्यूनर असेल तर ही अडचणच नाही. काहींच्या पाठीमागे त्यासाठी स्विच असतो. तीन, एफएममध्ये पाठवताना वरचे स्वर मुद्दाम उचललेले असतात आणि ट्यूनर ते परत खाली आणतो. आपल्याकडे याचं प्रमाण ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. तिकडचा ट्यूनर इथे वरचे स्वर जास्तच दाबतो, आवाज पडदा टाकल्यासारखा येतो. त्या जागचे दोन कंडेन्सर मूळ किमतीच्या दोन तृतीयांश केले की पडदा उठतो. आमच्या मिस्तरींनी ते अर्ध्या तासात केलं. चार, जपानच्या बाजारासाठीचा जुना ट्यूनर आणूच नका, त्यांचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपली स्टेशनं त्याच्या पलीकडे.

एरियल घरीच करा. चपट्या रिबन वायरची टी आकाराची, १००.६ साठी आडवा भाग साधारण १४२ सेंटीमीटर. ती आडवी लावून पाहा, उभी लावून पाहा, जिथे चांगलं येईल तिथे खिळा ठोका. उन्हाळ्यात कूलरच्या मोटारीपासून लांब ठेवा. स्टीरिओत "सूंऽ" येत असेल तर निमूट मोनोचं बटण दाबा. निम्म्याहून अधिक खरखर जाते आणि बातम्यांना दोन स्पीकर कशाला हवेत?

आता भावाच्या प्रश्नाचं. सेटची पाठ उघडली तेव्हा तिथे दोन छोटी भोकं दिसली, बाजूला तबकडीचं चित्र. ही ग्रामोफोनची जोडणी. त्या काळी रेकॉर्ड प्लेअर रेडिओलाच जोडून वाजवत. म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायची सोय कारखान्यातूनच होती! मोबाईलच्या डाव्या-उजव्या दोन्ही तारांत एकेक हजार ओहमचा रेझिस्टन्स घालून त्या एकत्र केल्या, मध्ये सुरक्षेसाठी छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकला, आणि जोडलं. (हे फक्त मेन ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटलाच.) आकाशवाणीची अनेक केंद्रं आता न्यूजऑनएअर या ॲपवर मिळतात. तो आवाज आज आमच्या हॉलमध्ये बाबांच्या पेटीतून, त्याच व्हॉल्व्हमधून, त्याच कागदी स्पीकरमधून येतो. एकही वायर कापावी लागली नाही. भावाला त्याचा ब्लूटूथ मिळाला, तो आपला दोनशे रुपयांचा रिसीव्हर मागे लपवतो, आणि ज्या दिवशी कुठलं स्टेशन पकडायचं असेल त्या दिवशी बँड स्विच फिरवला की सेट परत रेडिओ होतो. पोटातलं काढून टाकलं असतं तर परतीची ही वाटच राहिली नसती.

जुन्या रेडिओचा आवाज चांगला होता का, याचं माझं उत्तर असं. पेटी चांगली होती, पण पेटी अजूनही चांगली करता येते, काही शे रुपयांत. जे परत करता येत नाही ते पेटीच्या बाहेरचं. गावातला ट्रान्समीटर, त्यावर रात्रपाळी करणारे इंजिनिअर, स्टुडिओत तानपुरा लावून बसलेले कलाकार, आणि गडबड न करणारा मोहल्ला. आवाजातला मोठा वाटा यांचा होता आणि तो कोणाच्याही माळ्यावर सापडणार नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सेट जपाच, पण जे स्टेशन अजून लागतंय ते ऐकाही. जे कोणी ऐकत नाही ते बंद करायला फारसा विचार लागत नाही, हे बुटीबोरीवरून आपण पाहिलंच आहे.

ज्यांचे आई-वडील, काका-मामा नागपूर केंद्रात किंवा बुटीबोरीला ट्रान्समीटरवर नोकरीला होते त्यांनी मला जरूर लिहावं. रात्रपाळीत तिथे काय चालायचं, वीज गेली तर काय करायचे, हे कुठे लिहून ठेवलेलं मला आढळलं नाही, आणि ते सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

असो. साडेसहा वाजत आले, बातम्यांची वेळ झाली.